तमिळ वाक्य बांधायचं कसं? इंग्रजीतून शिकताना होणाऱ्या चुका आणि मराठीचा आधार

घाटवाट (धागाकर्ता)

तमिळ शिकवणारी पुस्तकं आणि ॲप्स बहुतेक इंग्रजीतून आहेत. पहिल्या-दुसऱ्या धड्यातच त्यात एक सल्ला भेटतो: 'इंग्रजी वाक्य उलटीकडून वाचा, तमिळ तयार होईल.' एवढ्याने तीन शब्दांचं वाक्य जमतं, आठ शब्दांचं कोसळतं. ज्यांच्या घरात मराठी आहे त्यांनी हा वळसा घ्यायचं कारणच नाही. इंग्रजीतून शब्दाचा अर्थ बघावा, वाक्य मात्र मराठीतून बांधावं. मराठीसुद्धा ठरावीक चार-पाच जागी फसवते, त्या जागा आधीच कळल्या तर पुष्कळ वेळ वाचतो. दोन्ही बाजूंची माहिती इथे गोळा करू या.

लेखनाबद्दल थोडं. तमिळमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ वेगळे आहेत, ते इथे ऎ आणि ऒ असे लिहितो. जीभ मागे वळवून, कुठेही न टेकवता काढायचा तो ऴ. उच्चारात क-त-प चे ग-द-ब होतात तिथे उच्चाराप्रमाणे लिहिलं आहे. लेखी तमिळमध्ये -ऐ आणि -क्कु नंतर येणारं क, स, त, प दुप्पट होतं, ते वाचायला सोपं जावं म्हणून सोडलं आहे.

आता 'उलटं वाचा' का चुकतं ते बघा. 'आय वेंट होम, एट अँड स्लेप्ट' हे वाक्य उलटवलं तर आधी झोप आणि शेवटी घरी जाणं असं होईल. तमिळमध्ये क्रम घडला तसाच राहतो:

वीट्टुक्कु पोय्, साप्पिट्टुविट्टु, तूंगिनेन्.
घरी जाऊन, जेवून, झोपलो.

उलटतं ते प्रत्येक तुकड्याच्या आतलं: 'वेंट होम' चं 'घरी जाऊन'. कर्ता असला तर तो सहसा सुरुवातीलाच राहतो, तोही उलटत नाही. खरा नियम असा की जो शब्द मुख्य, तो त्याच्या तुकड्यात शेवटी, आणि त्याच्याबद्दलची सगळी माहिती त्याच्या आधी. म्हणजे पुरं क्रियापद वाक्याच्या टोकाला, नाम आपल्या विशेषणांच्या नंतर, आणि 'वर, खाली, साठी' हे शब्द नामाच्या मागून. इंग्रजी यात जवळपास सगळीकडे विरुद्ध जाते, मराठी सगळीकडे बरोबर चालते.

दुसरी गोष्ट, एका वाक्यात पुरं क्रियापद शक्यतो एकच. बाकीची क्रियापदं अर्धी ठेवायची. तमिळ व्याकरणात अशा अर्ध्या रूपाला ऎच्चम् म्हणजे 'उरलेलं' म्हणतात: क्रियापदाला जोडलं जातं ते विनैयॆच्चम् (जाऊन, करून) आणि नामाला जोडलं जातं ते पॆयरॆच्चम् (गेलेला, केलेलं). या दोन शब्दांत अर्धी वाक्यरचना आली.

लांब वाक्याचा एक नमुना:

कडैक्कु पक्कत्तु वीट्टिल् इरुक्किऱ पैयन्, मऴै पॆय्ददाल् अम्मा वरविल्लै ऎन्ऱु ऎन्निडम् सॊन्नान्.

शब्दाखाली शब्द ठेवला तर: दुकाना | शेजारच्या | घरात | असणारा | मुलगा, | पाऊस | पडल्यामुळे | आई | आली नाही | असं | माझ्याजवळ | म्हणाला. क्रम एका जागीही हलवावा लागला नाही. हेच वाक्य इंग्रजीतून बांधायला गेलं की 'हू', 'बिकॉज' आणि 'दॅट' या तिघांसाठी तमिळ शब्द शोधत बसावं लागतं. यातला 'हू' तमिळमध्ये इरुक्किऱ मधल्या शेवटच्या 'अ' त आहे, 'बिकॉज' पॆय्ददाल् मधल्या -आल् मध्ये आहे आणि 'दॅट' म्हणजे ऎन्ऱु, तोही वाक्य संपल्यावर.

निळावंती

उत्तम धागा. मराठी फसवते त्यातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे 'जो-तो'. 'जे पुस्तक मी काल घेतलं ते' असं मराठीत सहज बोललं जातं आणि शिकणारा तमिळमध्येही ऎन्द पुत्तगम्... अन्द पुत्तगम् अशी जोडी लावतो. ऎन्द म्हणजे 'कोणतं', प्रश्नार्थक. ऐकणाऱ्याला वाटतं की काहीतरी विचारताय. अशी जोडरचना तमिळमध्ये आहे, पण पहिल्या भागाच्या क्रियापदाला -ओ लागतो (यार् वरुगिऱार्गळो अवर्गळ्, म्हणजे जे कोणी येतील ते) आणि ती 'जो कोणी' अशा अर्थाने येते. रोजच्या वाक्यात धातुसाधित वापरायचं:

नान् नेट्रु वांगिय पुत्तगम्: मी काल घेतलेलं पुस्तक.
नाळै वरुम् विरुन्दाळि: उद्या येणारा पाहुणा.
इन्नुम् वराद पस्: अजून न आलेली बस.

म्हणजे मराठी वाक्य आधी 'जो-तो' मधून काढून '-लेला, -णारा, न -लेला' मध्ये बसवा, मग तमिळ करा. हा एक मधला टप्पा पाळला की निम्म्या चुका जातात.

तमिळचं हे रूप मराठीपेक्षा जास्त पसरतं. नान् माम्बऴम् वॆट्टिय कत्ति म्हणजे ज्या सुरीने मी आंबा कापला ती सुरी. मराठीत 'मी आंबा कापलेली सुरी' अडखळतं, तिथे आपण 'ज्या सुरीने' कडे वळतो. तमिळमध्ये न वळता तसंच म्हणायचं. ने, त, ला हे नातं कुठेच सांगितलेलं नसतं, अर्थावरून कळतं. पडित्त पैयन् म्हणजे शिकलेला मुलगा, पडित्त पुत्तगम् म्हणजे वाचलेलं पुस्तक, नान् पडित्त पळ्ळि म्हणजे मी शिकलो ती शाळा. रूप तिन्हीकडे एकच.

अबोली_२१

'ने' चं काय करायचं? रवीने चपाती खाल्ली, मीनाने पत्र लिहिलं. तमिळमध्ये -आल् हा 'ने' चा प्रत्यय सांगतात, पण 'रवियाल् साप्पिट्टान्' चुकीचं आहे असंही वाचलं.

घाटवाट

चूकच. मराठीत 'ने' ची दोन कामं आहेत. 'सुरीने काप' मधला ने साधनाचा, तो तमिळमध्ये -आल्: कत्तियाल् वॆट्टु. 'रवीने खाल्ली' मधला ने कर्त्याचा, त्यासाठी तमिळमध्ये काहीही नाही. कर्ता कोराच राहतो आणि क्रियापद तिन्ही काळांत कर्त्याकडेच बघतं:

रवि सप्पात्ति साप्पिट्टान्.
मीना सप्पात्ति साप्पिट्टाळ्.
नान् सप्पात्ति साप्पिट्टेन्.

मराठीत 'आंबा खाल्ला, चपाती खाल्ली, केळं खाल्लं' असं कर्माप्रमाणे बदलतं. ती सवय इथे पूर्ण सोडावी लागते. या एका बाबतीत इंग्रजी बोलणारा आपल्यापेक्षा सुखी.

कर्त्याला -आल् लागतो तो क्षमतेच्या वाक्यात: ऎन्नाल् वर मुडियादु. हे मराठीच्या 'माझ्याच्याने येणं होणार नाही' शी तंतोतंत जुळतं. 'माझ्याच्याने' म्हणता येत असेल तर -आल्, नाहीतर कर्ता कोरा. हीच कसोटी धरा.

क्रियापदाची टोकं लगेच पाठ करून टाकावीत: मी -एन्, तू -आय्, तो -आन्, ती -आळ्, ते (आदराने) -आर्, वस्तू किंवा प्राणी -अदु, आम्ही/आपण -ओम्, तुम्ही -ईर्गळ्, ते सगळे -आर्गळ्. लिंगाचा त्रास तेवढ्यावर संपतो. 'मी जातो' आणि 'मी जाते' दोन्ही नान् पोगिऱेन्. चांगला-चांगली-चांगलं या तिघांना एकच नल्ल. निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही, त्यामुळे 'ती खुर्ची' म्हणून क्रियापदाला -आळ् लावू नये.

शेवगा

माझ्या मते 'जो-तो' पेक्षाही 'ला' जास्त अडवतो. शाळेतलं विभक्तीचं कोष्टक आठवा: द्वितीया स-ला-ते, चतुर्थीही स-ला-ते. दोन्हीकडे 'ला' असल्यामुळे मराठी माणसाला हा फरक कानाने कळत नाही. तमिळमध्ये इरण्डाम् वेट्रुमै (दुसरी विभक्ती) -ऐ आणि नान्गाम् वेट्रुमै (चौथी) -क्कु अशा साफ वेगळ्या आहेत. शिवाय बोलण्या-विचारण्याला तिसराच प्रत्यय लागतो. एका 'त्याला' चं काय काय होतं पाहा:

त्याला पाहिलं: अवनै पार्त्तेन्.
त्याला बोलाव: अवनै कूप्पिडु.
त्याला मारलं: अवनै अडित्तेन्.
त्याला भेटलो: अवनै सन्दित्तेन्.
त्याला दिलं: अवनुक्कु कॊडुत्तेन्.
त्याला आवडतं: अवनुक्कु पिडिक्कुम्.
त्याला विचार: अवनिडम् केळ्.
त्याला सांग: अवनिडम् सॊल्.

इथे इंग्रजी उपयोगी पडते. इंग्रजीत 'सॉ हिम' असं थेट कर्म असेल तर बहुधा -ऐ, 'गेव्ह टू हिम' असा 'टू' घालता येत असेल तर -क्कु. विचारणं आणि सांगणं मात्र यात बसवू नका, त्यांना 'त्याच्याजवळ' समजून -इडम् लावा. 'अवनुक्कु केळ्' ही मराठी शिकणाऱ्याची हमखास चूक.

-ऐ कधी लावायचा आणि कधी सोडायचा यात दोन पायऱ्या आहेत. माणूस असेल तर नेहमी लावायचा. वस्तू असेल आणि 'ते विशिष्ट' असा अर्थ असेल तर लावायचा, मोघम असेल तर सोडायचा. पुत्तगम् पडित्तेन् म्हणजे काहीतरी पुस्तक वाचलं, वाचन केलं. पुत्तगत्तै पडित्तेन् म्हणजे ते ठरावीक पुस्तक वाचलं. मराठीत दोन्हीकडे 'पुस्तक वाचलं' च असल्यामुळे आपण -ऐ नको इतका गाळतो.

आणि हो, पुत्तगम् चं पुत्तगत्तै झालं, पुत्तगमै नाही. मराठीत प्रत्ययाआधी सामान्यरूप होतं (झाड, झाडाला) तसंच तमिळमध्येही होतं. -अम् ने संपणाऱ्या शब्दांचं -अत्तु होतं: मरम्, मरत्तिल् (झाडात). -डु आणि -ऱु ने संपणाऱ्या पुष्कळ शब्दांत व्यंजन दुप्पट होतं: वीडु, वीट्टिल् (घरात), आऱु, आट्रिल् (नदीत). इंग्रजीतून येणाऱ्याला ही कल्पनाच नवी असते. आपल्याला ती लहानपणापासून आहे, फक्त साचे नवे शिकायचे.

मेघना_के

शेवगा, यादी छापून भिंतीवर लावण्यासारखी आहे. तिच्यातच एक भर. 'मला आवडतं, मला येतं, मला हवं, मला समजतं' ही वाक्यं तमिळमध्ये तशीच आहेत: ऎनक्कु पिडिक्कुम्, ऎनक्कु तॆरियुम्, ऎनक्कु वेण्डुम्, ऎनक्कु पुरिगिऱदु. इंग्रजी बोलणारा 'आय लाइक', 'आय नो' च्या वळणाने नान् पिडिक्किऱेन् म्हणतो आणि त्याचा अर्थ 'मी पकडतो' असा होतो. आपण इथे बिनधास्त असतो, आणि म्हणूनच पुढच्या पावलाला घसरतो.

मराठी: मला तू आवडतोस. 'तू' प्रथमेत, क्रियापद त्याच्याप्रमाणे.
तमिळ: ऎनक्कु उन्नै पिडिक्कुम्. 'तुला' द्वितीयेत, क्रियापद हलत नाही.

तसंच 'मला ते माहीत आहेत' (ते गृहस्थ) चं ऎनक्कु अवरै तॆरियुम्. 'ऎनक्कु नी पिडिक्किऱाय्' असं मराठी साच्यातलं वाक्य तमिळ माणसाला लागतच नाही. पिडिक्कुम्, तॆरियुम्, पुरियुम् यांना मी-तू-तो ची टोकं लावायचीच नाहीत असं पक्कं ठरवून टाका. नकारात पिडिक्कादु, तॆरियादु, पुरियादु.

आणखी एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. 'मला जायला हवं' चं तमिळ नान् पोग वेण्डुम्. 'मला' असूनही इथे नान्. वस्तू हवी असेल तर ऎनक्कु (ऎनक्कु तण्णीर् वेण्डुम्, मला पाणी हवं), करायला हवं असेल तर नान्. ऎनक्कु पोगणुम् असं बोलताना ऐकू येतं, पण तिथे अर्थ 'मला जायची इच्छा आहे' याकडे झुकतो.

पाणपोई

इंग्रजीतून न जमणारी पण मराठीतून आयती मिळणारी जागा म्हणजे 'नको'. वेण्डाम् म्हणजे नको, शब्दशः. ऎनक्कु वेण्डाम्: मला नको. पोग वेण्डाम्: जायला नको. इंग्रजी पुस्तकं यासाठी अर्धं पान खर्च करतात.

बाकी नकार मात्र नीट वेगवेगळे शिकावे लागतात.

वरविल्लै: आला नाही, आली नाही, आलो नाही, येत नाही. सगळ्या पुरुषांना एकच रूप, भूत आणि वर्तमान दोन्हीला. इथे टोक लावायचा मोह होतो, लावू नका.

वर माट्टेन्: येणार नाही. इथे मात्र टोक बदलतं: माट्टाय्, माट्टान्, माट्टाळ्, माट्टार्, माट्टोम्. माणसांसाठीच वापरायचं. 'बस येणार नाही' ला पस् वरादु. बसला माट्टान् लावलं की ती माणूस होते.

सॆय्यादे: करू नकोस. आदराने सॆय्यादीर्गळ्.
सॆय्यामल्: न करता. साप्पिडामल् पोनान्, न जेवता गेला.

'हे माझं घर नाही' ला लेखी भाषेत अल्ल (इदु ऎन् वीडु अल्ल) आणि 'घरी कोणी नाही' ला इल्लै (वीट्टिल् यारुम् इल्लै). बोलताना दोन्हीकडे इल्ल चालतं. होकारात तर 'आहे' च नसतं: इदु ऎन् वीडु, हे माझं घर. इंग्रजीच्या 'इज' च्या सवयीने तिथे इरुक्किऱदु घालणं चुकीचं. ते फक्त 'असणं' दाखवायला: वीट्टिल् तण्णीर् इरुक्किऱदु, घरात पाणी आहे.

अबोली_२१

हे सगळं लेखी तमिळ झालं ना? रस्त्यावर कोणी इरुक्किऱदु म्हणत नाही. आधी बोलीच का शिकू नये?

पाणपोई

माझं मत स्पष्ट आहे: आधी बोली. भाजीवाला, रिक्षावाला, शेजारी कोणीही लेखी तमिळ बोलत नाही आणि तुमचं लेखी बोलणं ऐकून समोरचा इंग्रजीवर येतो. मग सराव बंद. बोली ही लेखी भाषेची बिघडलेली आवृत्ती नाही, तिचे स्वतःचे पक्के नियम आहेत. अठराव्या शतकात बेस्की या इटालियन जेझुइट पाद्र्यांनी (१६८०–१७४७) बोलीचं आणि ग्रांथिक भाषेचं अशी दोन स्वतंत्र व्याकरणं लॅटिनमध्ये लिहिली. परक्या शिकणाऱ्याची ही अडचण तेव्हापासूनची आहे.

घाटवाट

बोलायला बोली आधी, हे मान्य. पण लेखी रूप एकदा डोळ्याखालून गेलेलं असावं, कारण वाक्याचे सांधे तिथे दिसतात. वरेन् मध्ये काळाचा प्रत्यय गिळला गेला आहे, वरुगिऱेन् मध्ये तो दिसतो. सुदैवाने दोन्हींत शब्दांचा क्रम तोच, बदलतात ती रूपं. म्हणून वाक्यरचना एकदाच शिकावी लागते. रोज लागणारी रूपांतरं, आधी लेखी मग बोली:

इरुक्किऱदु – इरुक्कु
वरुगिऱेन् – वरेन्
पोगिऱेन् – पोऱेन्
वेण्डुम् – वेणुम् (क्रियापदाला चिकटून -णुम्: पोगणुम्, सॊल्लणुम्)
वरविल्लै – वरल
ऎन्ऱु – -न्नु
वीट्टिल् – वीट्टुल
अवनै – अवन
अवरिडम् – अवर्किट्ट
अवर्गळ् – अवंग
साप्पिट्टुविट्टु – साप्पिट्टुट्टु
वांगिय – वांगिन

प्रदेशानुसार आणि घरानुसार थोडा फरक पडतो, पण एवढी रूपं ओळखता आली की कानावर पडणारं वाक्य मनात उलगडता येतं.

निळावंती

रूपांबद्दल बोलतोच आहोत तर क्रियापदं कशी पाठ करावीत ते सांगते. इंग्रजी पुस्तकं धातूंचे सात गट देतात, ते पहिल्या दिवशी पाठ करू नयेत. प्रत्येक क्रियापदाची तीनच रूपं एकत्र पाठ करा: आज्ञा, '-ऊन', '-आयला'.

वा – वन्दु – वर (ये, येऊन, यायला)
पो – पोय् – पोग (जा)
सॆय् – सॆय्दु – सॆय्य (कर)
पार् – पार्त्तु – पार्क्क (बघ)
वांगु – वांगि – वांग (विकत घे)
कॊडु – कॊडुत्तु – कॊडुक्क (दे)
पडि – पडित्तु – पडिक्क (वाच, शिक)
इरु – इरुन्दु – इरुक्क (अस)
केळ् – केट्टु – केट्क (विचार, ऐक)
सॊल् – सॊल्लि – सॊल्ल (सांग)

मधल्या रूपावरून भूतकाळ निघतो: वन्दु वरून वन्देन्, वन्दान्. त्यावरूनच '-लेला': वन्द, सॆय्द, पार्त्त. -इ ने संपलं तर मध्ये न येतो: वांगि, वांगिनेन्. पो आणि सॊल् हे दोन अपवाद लगेच लक्षात ठेवा: पोनेन्, सॊन्नेन्.

तिसऱ्या रूपावरून सगळे नकार निघतात: वर वरून वरविल्लै, वर माट्टेन्, वरामल्, वराद. शेवटचा अ काढून -उम् लावला की वस्तूचा भविष्यकाळ: वरुम्, कॊडुक्कुम्. तिसऱ्या रूपात -क्क दिसला तर वर्तमानात -क्किऱ- आणि भविष्यात -प्प- (कॊडुक्किऱेन्, कॊडुप्पेन्). -क्क नसेल तर बहुधा -गिऱ- आणि -व- (सॆय्गिऱेन्, सॆय्वेन्); वरच्या यादीतला केळ् मात्र अपवाद: केट्किऱेन्, केट्पेन्. आठवड्याला दहा क्रियापदं या पद्धतीने घेतली तर अडीच महिन्यांत शंभर होतात आणि रोजचं बोलणं त्यात बहुतेक भागतं.

तेवढी झाली की जोडक्रियापदं फुकट मिळतात, कारण ती मराठीचीच वाटावीत अशी आहेत:

सॆय्दु पार्: करून बघ.
सॆय्दु वै: करून ठेव.
ऎऴुदि कॊडु: लिहून दे.
पार्क्क वन्देन्: बघायला आलो.

आणि कालवाचक जोडण्या: वन्दपोदु (आलो तेव्हा), वन्द पिऱगु (आल्यानंतर), वन्दवुडन् (आल्याबरोबर), वरुम् वरै (येईपर्यंत), वरुवदऱ्कु मुन् (येण्यापूर्वी), वन्दाल् (आला तर), वन्दालुम् (आला तरी). 'जर' आणि 'जेव्हा' साठी सुरुवातीला वेगळा शब्द शोधू नका. शेवटची जोडणी ऐकली की पुरतं.

सुतरफेणी

मराठी संस्कृतातून आलेली, तमिळ द्राविडी. मग हे इतकं साम्य कसं?

घाटवाट

शेजार. कुळं वेगळी असली तरी शेकडो वर्षं एकमेकींजवळ बोलल्या गेलेल्या भाषा वाक्याची घडण एकमेकींकडून घेतात. एमेनो या भाषाशास्त्रज्ञांनी १९५६ साली भारताला एक 'भाषिक क्षेत्र' म्हटलं ते याच कारणाने. मराठी तर द्राविडी भाषांच्या सीमेवरच वाढली. 'आपण' आणि 'आम्ही' हा फरक बघा: नाम् म्हणजे ऐकणाऱ्याला धरून, नांगळ् म्हणजे त्याला सोडून. इंग्रजीला एका 'वी' वर भागवावं लागतं, तिथून येणारा 'आपण जाऊ या' ऐवजी 'आम्ही जातो' म्हणून बसतो.

'म्हणून' सुद्धा तसाच. ऎन्ऱु हे 'म्हणणे' अर्थाच्या धातूचं '-ऊन' रूप, म्हणजे अक्षरशः 'म्हणून'. अवन् वरुगिऱेन् ऎन्ऱु सॊन्नान्: तो 'येतो' म्हणून म्हणाला. आतलं वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडचं जसंच्या तसं ठेवता येतं, -एन् सकट. 'तो म्हणाला की...' अशी सुरुवात केलीत तर पुढे अडकाल, त्यामुळे 'की' विसरा.

मेघना_के

परदेशात वाढलेल्या, इंग्रजीतच विचार करणाऱ्या मुलांना शिकवायचं असेल तर मराठीचा आधार अर्धाच मिळतो. त्यांच्यासाठी वाक्य शेवटून बांधण्याचा सराव चांगला. क्रियापद आधी म्हणायचं, मग दर वेळी त्याच्या पुढ्यात एक तुकडा वाढवायचा आणि वाक्य प्रत्येक वेळी पूर्ण म्हणायचं:

वन्दान्.
चॆन्नैयिलिरुन्दु वन्दान्.
नेट्रु चॆन्नैयिलिरुन्दु वन्दान्.
ऎन् तम्बि नेट्रु चॆन्नैयिलिरुन्दु वन्दान्.

(आला. चेन्नईहून आला. काल चेन्नईहून आला. माझा धाकटा भाऊ काल चेन्नईहून आला.) दर पायरीला वाक्य बरोबरच असतं, त्यामुळे मूल अडत नाही आणि क्रियापद शेवटी ठेवायची सवय तोंडाला लागते. चार तुकडे सहज जमले की मधल्या एखाद्या नामाआधी '-लेला' चा तुकडा घालायचा. त्याआधी घालू नये. एकाच वेळी दोन ठिकाणी वाक्य वाढलं की मुलं इंग्रजी क्रमाकडे पळतात.

प्रश्नही याच वाक्यावर शिकवता येतो. 'का?' सारखा -आ शेवटी लावायचा: वन्दाना? ज्याबद्दल शंका त्या शब्दाला लावला की रोख बदलतो: तम्बिया वन्दान्? म्हणजे धाकटा भाऊच आला का? इंग्रजीसारखी क्रियापदाची जागा बदलायची नाही.

अबोली_२१

एक वाक्य करून बघितलं, तपासा. 'काल ज्या बाईंना मी भेटले त्यांना हे पुस्तक आवडलं नाही.'

ऎन्द अम्मावै नान् नेट्रु सन्दित्तेन्, अन्द अम्मावै इन्द पुत्तगम् पिडिक्कविल्लै.

शेवगा

दोन दुरुस्त्या. पहिली 'जो-तो' ची: वाक्य आधी 'मी काल भेटलेल्या बाईंना' असं करा, म्हणजे नान् नेट्रु सन्दित्त अम्मा. भेटण्याचा -ऐ इथे गळून पडतो, कारण अम्मा आता पुढच्या क्रियापदाची झाली. दुसरी 'ला' ची: आवडण्याला -क्कु हवा, तुम्ही -ऐ लावला आहे.

नान् नेट्रु सन्दित्त अम्मावुक्कु इन्द पुत्तगम् पिडिक्कविल्लै.

पिडिक्कविल्लै ला टोक लावलं नाहीत आणि पुत्तगम् तसंच ठेवलंत हे बरोबर, वस्तू आहे म्हणून चालतं. तिथे माणूस असता तर -ऐ लागला असता: अन्द अम्मावुक्कु अवनै पिडिक्कविल्लै, त्या बाईंना तो आवडला नाही. बोलताना हेच वाक्य: नान् नेत्तु पात्त अम्मावुक्कु इन्द पुत्तगम् पिडिक्कल. पुढचं वाक्य 'आला तर' घालून करा आणि इथेच टाका.